ताटावरून आधी कोण उठलं

मिलादा मासा आणायला बाहेर पडली तेव्हा दुपार जेमतेम कलली होती, पण व्हिएन्नात त्या दिवसांत दुपार कलली म्हणजे दिवस संपल्यातच जमा. रस्त्यावरचे दिवे लागले होते. बाजारात भाजत्या चेस्टनटचा धूर होता, गरम वाइनमधल्या लवंगेचा वास होता, आणि कार्प माशांच्या टाकीपुढे रांग होती. मिलादा बोटं चोळत रांगेत उभी राहिली. शहर परकं असलं तरी ती लाकडी टाकी आणि तिच्यातलं ते गढूळ, मंद हलणारं पाणी तिच्या ओळखीचं होतं. तिच्या मोराव्हियातल्या गावातही नाताळच्या आदल्या दिवशी चौकात अशीच टाकी लागायची.

नंबर आल्यावर तिने मासा कापून घेतला आणि आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये खवलेही मागितले. मासेवाला हसला. नाताळला खवले मागणाऱ्या बायका झेकच असणार, एवढं त्याला माहीत होतं. एकेक खवला प्रत्येकाच्या ताटाखाली ठेवायचा आणि मग वर्षभर पाकिटात बाळगायचा, म्हणजे घरात बरकत राहते. त्याने किती हवेत ते विचारलं, आणि इतक्या साध्या प्रश्नाला मिलादा अडखळली. तीन म्हणावं की चार?

शेवटी ती म्हणाली, चार.

खरं तर ते चौघंच यायचे होते. ती, तिचा नवरा ओतकार, मुलगी हेदा आणि जावई इव्हो. पण इव्हो रेल्वेत इंजिन चालवायचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याची सुटी रद्द झाली. हेदा म्हणाली, गाड्या चालवणाऱ्याशी लग्न केलं की आपण फलाटावरच राहायचं असतं. तरी तिघं निघाली, कारण ओतकारचा नेम मोडवत नव्हता. त्याच्या तरुणपणी व्हिएन्ना त्यांच्या गावापासून गाडीने दोन-तीन तासांवर होतं, पण मध्ये तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाशी बंदूकवाले. कुंपण गेलं त्या वर्षी त्याने घरात जाहीर केलं, की इथून पुढे प्रत्येक नाताळ वेगळ्या शहरात. क्राकूफ झालं, बुडापेस्ट झालं, लुब्लियाना झालं. भाड्याच्या घरात उतरायचं, पण सण मात्र घरच्यासारखा करायचा. मिलादा लाटणंसुद्धा सोबत न्यायची.

फक्त गेल्या वर्षी ते कुठेच गेले नव्हते. हेदाचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आणि त्या नाताळला घरात कुणी दिवाही धड लावला नव्हता.

आता हेदाला पुन्हा दिवस गेले होते. सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं होतं, आणि हेदा स्वतःच हट्टाने निघाली होती. घरात बसले तर भिंतींकडे बघत बसेन, म्हणाली. मिलादाने वरून हो म्हटलं. पण गाडीत, रस्त्यावर, जिन्यावर तिचा एक डोळा सतत मुलीच्या पोटावर होता. या वर्षी तिला देवाकडे दुसरं काही मागायचंच नव्हतं.

उतरायचं घर जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. जिना गोल, दगडी, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. प्रत्येक मजल्यावर भिंतीत नळ, आणि खाली बिडाचं छोटं कुंड. घरोघर पाणी नव्हतं त्या काळात सगळ्या बिऱ्हाडांचं पाणी तिथूनच भरलं जायचं. आता ते नळ नुसते शोभेला उरले होते.

मासा घेऊन मिलादा वर चढत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला पाण्याचा आवाज आला. बादली भरतानाचा आवाज… आधी तळावर कोरडा, मग हळूहळू जाड होत जाणारा. चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा आवाज थांबला. नळापाशी कुणी नव्हतं. कुंड मात्र ओलं होतं, आणि तिथे एक वास रेंगाळत होता. ओली लोकर आणि धुण्याचा सोडा. तिच्या आजीच्या हातांना यायचा तो वास.

घरात शिरल्यावर तिने दाराला किल्ली लावली. एरवी दिवसा ती कधी लावत नसे.

स्वयंपाक झाला. माशाचं सूप, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले मासे, बटाट्याची कोशिंबीर, चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटं. सगळं आणून टेबलावर हाताशी मांडलं. पाण्याचा तांब्या, पाव, मीठ, जादा चमचे, काहीही विसरून चालणार नव्हतं. कारण या जेवणाचा एक नियम होता, आणि तो मिलादाच्या घरात कुणी मोडत नसे. एकदा बसलं की सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. जो ताटावरून आधी उठेल तो पुढचा नाताळ बघत नाही. सगळ्यांनी एकदम उठायचं.

दुसरा नियम माणसांचा. टेबलाशी बसणारे सम असले पाहिजेत. विषम बसले तर मृत्यू येऊन एकाला उचलतो आणि जोड्या जुळवून जातो. म्हणून एखादं माणूस कमी असलं की एक जादा ताट मांडायचं, आल्यागेल्या पाहुण्यासाठी.

मिलादाने ताटं मात्र तीनच मांडली. चौथ्या खुर्चीपुढे नुसता कापडाखाली एक खवला सरकवला.

ओतकारने ते पाहिलं. "आपण तीन आहोत, मिलादा."

"चार. पोटातलं धर की."

"त्याला ताट कुठंय मग?"

"जन्माच्या आधी मुलाचं काही मांडू नये. पाळणा नाही, ताट नाही. एवढंही माहीत नाही का तुला?"

"म्हणजे मोजायला आहे आणि जेवायला नाही." तो मुलीकडे वळला. "हेदा, तुझ्या आईला रेल्वेत तिकिटं तपासायला ठेवलं पाहिजे. अर्धं तिकीटसुद्धा सोडायची नाही."

हेदा हसली. तिला हसताना बघून मिलादाही हसली आणि गोष्ट तिथेच राहिली. पण पाहुण्याचं ताट मांडायचं ते राहूनच गेलं, आणि पुढे जे झालं ते त्या राहून गेलेल्या ताटामुळे, असं मिलादाला नंतर नेहमी वाटायचं.

पहिली चांदणी दिसल्यावरच जेवायला बसायचं, म्हणून ओतकार खिडकीशी उभा राहिला. आभाळ झाकलेलं होतं. समोरच्या गच्चीवरच्या एका दिव्याकडे बोट करून त्याने तीच चांदणी म्हणून जाहीर केलं. तिघं बसली. मेणबत्त्या पेटल्या. प्रार्थना झाली.

सूप संपून मासा वाढेपर्यंत सगळं ठीक होतं. मग हेदाने काटा-चमचा खाली ठेवला.

 एक हात टेबलाच्या कडेवर, दुसरा कमरेत. मिलादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. गेल्या खेपेला असंच सुरू झालं होतं.

"कळ आहे?"

"आहे… जाईल." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, मला उठायला हवं. मला आत जाऊ दे."

कुणीच हललं नाही. ओतकार एरवी या सगळ्याची चेष्टा करणारा, पण त्याचा घास हातातच राहिला. मिलादाला बरोबर कळलं की तो काय मोजतोय, कारण तीही तेच मोजत होती. टेबलाशी माणसं तीनच होती. चार नव्हतीच. आणि हेदा आता आधी उठणार होती.

मग मी उठते, असं मिलादाने ठरवलं. ठरवायला काही लागलंच नाही. तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

हलकी. दोनदा. एखाद्या मालकिणीच्या खोलीच्या दारावर मोलकरीण वाजवते तशी.

तिघं दाराकडे बघत राहिली. पुन्हा वाजलं… तितकंच हळू. दार उघडायचं म्हणजे कुणीतरी उठायचं. ओतकारने घसा खाकरला आणि, त्याला स्वतःलाही का ते कळलं नाही, झेकमध्येच म्हणाला, "या, उघडंच आहे."

उघडं नव्हतं. मिलादाने किल्ली दोनदा फिरवली होती.

दार उघडलं आणि एक म्हातारी आत आली. डोक्याला रुमाल, जाड लोकरी शाल, पुढे पदरासारखा बांधलेला निळा कपडा. हात मनगटापर्यंत ओले आणि लाल. बगलेत एक इनॅमलचं ताट होतं, कडेला टवका उडालेलं. तिच्यामागून जिन्यातला गारठा आत आला, पण मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्या नाहीत.

"वासावर आले," ती म्हणाली. "आणि बोलणं ऐकलं. आपलं बोलणं."

तिची बोली जुनी होती, मिलादाच्या आजीच्या खेड्याकडची. आता तशी कुणी बोलत नव्हतं.

त्या रात्री दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत. मिलादाच्या तोंडून आपसूक निघालं, "बसा, आजी."

म्हातारी चौथ्या खुर्चीवर बसली. बसताना तिने खुर्चीवरून हात फिरवला, पुसल्यासारखा. मग ताट पुढे ठेवलं आणि वाट बघत राहिली. ओतकारने आपल्या वाटणीचा मोठा तुकडा तिला वाढला. ती सावकाश खाऊ लागली. माशाचा एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावत होती, शेजारी शेजारी, कंगव्याच्या दातांसारखा. खोलीत दुसरा आवाज नव्हता. ओल्या लोकरीचा आणि सोड्याचा वास टेबलावर पसरला होता, आणि हेदा ओठ घट्ट मिटून बसली होती.

"तुमचं नाव काय, आजी?" ओतकारने विचारलं. त्याला गप्प बसवेना.

"इथं मारी म्हणायचे. मोठ्या घरांत कामाला लागली की सगळ्याच मारी." तिने एक काटा लावला. "आपोलेना माझं नाव."

मग तिने हेदाकडे पाहिलं. बराच वेळ. "उठायचंय तुला."

हेदाने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"थांब जरा. माझं होतंय. मग मी उठते."

"नको," मिलादा म्हणाली. तिला भीती वाटत होती, तरी म्हणाली. "आजी, जो आधी उठतो…"

"ठाऊक आहे गं मला. आपल्याच गावचं आहे ते." म्हातारी हसली असावी. रुमालाखाली नीट दिसलं नाही. "जन्मभर दुसऱ्यांच्या जेवणात मीच उठले. सूप आणायला उठ, मीठ आणायला उठ, पाणी भरायला उठ. या रात्री बसून जेवले ती आज पहिल्यांदा. आता उठायची पाळीही माझीच. माझं काय जायचंय?"

शेवटचा काटा तिने कडेला लावला. ताट उचललं. आणि ती उठली.

खुर्चीचा आवाज झाला नाही. दारापाशी ती वळली आणि म्हणाली, "आता उठा सगळे." मग दार लागलं, आणि जिन्यात, नळापाशी, पाणी वाहू लागलं. बादली भरेपर्यंत वाहिलं, आणि थांबलं.

तिघं एकदम उठली.

पुढचं सगळं घाईत झालं. ओतकारने टॅक्सी बोलावली, मिलादाने हेदाच्या अंगावर कोट चढवला. दाराशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की किल्ली अजून आतूनच लावलेली आहे, दोन वेळा फिरवलेली, तिने फिरवली होती तशीच. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. तिने ती फिरवली आणि मुलीला धरून जिना उतरली.

प्रसूतिगृहात एका तरुण डॉक्टरीणबाईने तपासलं. मग तिने यंत्राचा आवाज मोठा केला आणि तिघांनाही मुलाचे ठोके ऐकवले. भरभर, खणखणीत, छोट्या घोड्याच्या टापांसारखे. काही नाही, ती म्हणाली, खोट्या कळा आहेत, प्रवासाने येतात कधीकधी, कळ आल्यावर बसून राहिलात ते बरं केलंत. ओतकार भिंतीकडे तोंड करून रडला. मग त्याने त्या डॉक्टरीणबाईला, तुम्ही जेवलात का, म्हणून विचारलं आणि खिशातली चुरा झालेली बिस्किटं तिच्या हातावर ठेवली. परत येताना टॅक्सीत हेदा आईच्या खांद्यावर झोपली. चौकाचौकातली झाडं दिव्यांनी लगडलेली होती, आणि इतकं सुंदर शहर आपण आल्यापासून एकदाही बघितलं नाही, असं मिलादाला वाटलं.

सकाळी तिने टेबलक्लॉथ उचलला. तीन खवले होते. चौथा नव्हता.

जिन्यात इमारतीची देखभाल करणारी नव्रातिलबाई फरशी पुसत होती. आडनाव अस्सल झेक, पण त्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. पणजोबा आले होते तिकडून, एवढंच तिला माहीत. ती वैतागली होती. चौथ्या मजल्यावर पाणी कुणी सांडलं म्हणून विचारत होती. मिलादाने नळाकडे बोट केलं तेव्हा नव्रातिलबाईने तो फिरवून दाखवला. काही आलं नाही. नळी कधीचीच कापलेली आहे, ती म्हणाली. मजल्यावर कुणी म्हातारी राहते का, यावर तिने नाही म्हणून मान हलवली. नळाशेजारची ती अरुंद खोली झाडू-बादल्यांची. फार पूर्वी तिथे घरकामाच्या मुली झोपायच्या, असं तिची आजी सांगायची.

मिलादाने उरलेली बिस्किटं एका कागदावर घालून त्या बंद खोलीच्या उंबऱ्याशी ठेवली. ओतकारने पाहिलं, पण चेष्टा केली नाही.

वसंतात हेदाला मुलगी झाली. धडधाकट, आवाजी. नाव काय ठेवायचं यावर फार चर्चा झाली नाही. घरी सगळे तिला पोला म्हणत, पण कागदावर आपोलेना लिहिलं. इव्होला ते नाव पणजीच्या काळातलं वाटलं. ओतकार त्याला म्हणाला, तू गाड्या वेळेवर आण, नावाचं आम्ही बघतो.

वर्ष सुखाचं गेलं. कुणी आजारीसुद्धा पडलं नाही. आणि पुढच्या नाताळला ते ड्रेस्डेनला गेले.

या वेळी इव्होला सुटी मिळाली होती. चार मोठी माणसं आणि पोला. मिलादाने विचारही केला नाही. ड्रेस्डेनच्या बाजारातून तिने निळ्या कडेचं इनॅमलचं ताट आणलं आणि सहावं म्हणून मांडलं, खाली खवल्यासकट. त्या ताटापुढची खुर्ची ओतकारने स्वतः मागे ओढून ठेवली, मोठ्या माणसासाठी ओढतात तशी. इव्हो बघत होता. सासरेबुवा, पाहुणे कोण, म्हणून त्याने विचारलं. ओतकार म्हणाला, आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, पण त्यांचं येणं नक्की नसतं.

दारावर काही वाजलं नाही. जेवण हसत-खेळत झालं. पोलाने कोशिंबिरीत हात घातला, मग तोच हात आजोबांच्या मिशांना लावला. मधेच ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून खूप हसली, पण त्या वयात मुलं कशालाही हसतात. शेवटी ओतकारने एक-दोन-तीन म्हटलं आणि सगळे एकदम उठले, पोला आईच्या कडेवर. आत नाताळच्या झाडाखाली भेटवस्तू ठेवल्या होत्या. सगळे तिकडे गेले. मिलादा टेबल आवरायला मागे राहिली.

तिने ताटं एकावर एक रचली. निळ्या कडेचं ताट शेवटी हातात घेतलं, आणि थांबली.

त्यात कुणी काही वाढलं नव्हतं. पण कडेला माशाचे काटे लावलेले होते, शेजारी शेजारी, कंगव्याच्या दातांसारखे.

मिलादाला भीती वाटली नाही. उलट छातीवरचं ओझं उतरावं तसं झालं. आली म्हणजे. इतक्या लांब, आपल्या मागोमाग. तिने काटे न विस्कटता ताट परत जागेवर ठेवलं आणि खुर्च्या टेबलाखाली सरकवायला लागली. ओतकारची सरकवली. हेदाची, इव्होची, पोलासाठी ठेवलेली, आपली.

सहावी सरकेना.

तिने थोडा जोर लावला. खुर्चीचे पाय मोकळे होते, चटईत अडकले नव्हते. तरी ती हलली नाही. माणूस बसलेलं असताना खुर्ची जशी हलत नाही, तशी. मिलादाने पाठीवरचा हात काढून घेतला. हाताला ओल्या लोकरीचा वास येत होता.

आत पोलाने खुळखुळा वाजवला, आणि सगळे हसले.

सगळे उठले होते. मघाशीच, एकदम, तीन म्हटल्यावर. सहाव्या खुर्चीवरचं जेवण व्हायच्या आधी.

"मिलादा," ओतकारने हाक मारली, "येतेस ना? सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

मिलादाने आपली खुर्ची पुन्हा बाहेर ओढली आणि हळूच तिच्यावर बसली.

"तुम्ही सुरू करा," ती म्हणाली. "इथं अजून जेवण चाललंय."

मग ती समोर बघत, हात मांडीवर ठेवून, वाट बघत राहिली.